टाकीचं बूड

मंडळी, कारखान्यातल्या घातक कचऱ्याच्या टाकीची तपासणी म्हटली की आपल्याकडे आधी फाईल पुढे येते. संमतिपत्र, कचऱ्याच्या हिशेबाची फॉर्म 3 ची नोंदवही, कचरा बाहेर पाठवतानाच्या फॉर्म 10 च्या प्रती, 30 जूनपर्यंत भरायचं वार्षिक विवरणपत्र. हे कागद लागतातच आणि मी ते बघतोही, पण नंतर. आधी टाकीपाशी जाऊन उकिडवा बसतो, कारण टाकी सडते ती बुडाशी.

वापरलेल्या ऑईलची टाकी घ्या. त्यात थोडंफार पाणी असतंच. ते ऑईलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं आणि महिनोन्‌महिने तिथेच राहतं. वरचा पत्रा तेलाने माखलेला, त्याला काही होत नाही. तळाचा मात्र आतून गंजत जातो. बाहेरून ताजा रंग असतो, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिक मीटरने मोजतात, आणि कितीतरी अहवालांत सगळी मापं छातीच्या उंचीवरची असतात. उभ्याने हात तिथवरच सहज पोचतो ना! 6 मिलिमीटरचा पत्रा तिथे 6 मिलिमीटरच भरणार. मला तळाच्या जोडाजवळची आणि ड्रेनच्या नोझलभोवतीची, म्हणजे तळाचं पाणी काढायच्या तोंडाभोवतीची, मापं हवी असतात.

आपल्या खानदेशात दुसरी गोष्ट काळ्या मातीची. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते. पाया मुरमापर्यंत गेला नसेल तर डाईकची, म्हणजे गळलेलं तेल अडवायला टाकीभोवती बांधलेल्या हौदाची, भिंत या मातीबरोबर हलते आणि कोपऱ्यात केसासारखी चीर येते. मृगाच्या आधी डाईकमध्ये वीतभर पाणी भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या अंगाला ओल दिसली, तर तिथूनच उद्या तेल जाणार.

आता डाईक मावते किती? सर्वात मोठ्या टाकीच्या 110 टक्के द्रव तिच्यात राहिला पाहिजे, असा हिशेब धरतात. टाकी 10 हजार लिटरची, म्हणजे 11 हजार लिटर. डाईक आतून 5 मीटर लांब, 4 मीटर रुंद, 60 सेंटिमीटर उंच, म्हणजे 12 हजार लिटर. कागदावर पास. पण टाकीखालचा भरीव चौथरा अडीच मीटर बाय अडीच मीटर, उंची 30 सेंटिमीटर. तोच 1,875 लिटर जागा खातो. उरले 10,125. झाली नापास, आणि कोपऱ्यात ठेवलेले रिकामे ड्रम तर मी अजून मोजलेच नाहीत. टेप घेऊन आत उतरल्याशिवाय हे कळत नाही.

लेबलकडेही बघा. नियमाने घातक कचऱ्याचा साठा 90 दिवसच ठेवता येतो, त्याहून जास्त ठेवायचा तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी हवी. पण साठवण कधी सुरू झाली ती तारीख मार्करने लिहिलेली, आणि आपल्याकडचं 45 अंशांचं ऊन ती महिन्याभरात पुसून टाकतं. मग 90 दिवस मोजायचे कुठून? तारीख रंगाने लिहा.

31 ऑगस्ट 2019 ला शिरपूरजवळ वाघाडीच्या रसायन कारखान्यात स्फोट झाला, माणसं गेली. तेव्हापासून तपासणीत सगळ्यांचं लक्ष आगीकडे असतं, आणि ते हवंच. गळतीला मात्र कोणी विचारत नाही.

एका कारखान्यात मी असंच बघितलं. डाईकमधलं पावसाचं पाणी सोडायला वॉल्व्ह उघडला होता. तो तसाच राहिला, आणि आठवड्याने टाकीचं फ्लँज, म्हणजे पाईपचा बोल्टचा जोड, गळलं. मी विचारल्यावर तिथला म्हातारा कामगार म्हणाला, ‘‘साहेब, पानी काढासाठे उघाडेल व्हता.’’ खोटं नव्हतं ते. बंद करायचं काम कोणाचं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तेल नालीतून शेजारच्या केळीच्या मळ्यातल्या विहिरीपर्यंत गेलं. शेतकरी भांडला नाही. त्याने बादलीभर पाणी शेंदलं आणि माझ्यासमोर ठेवलं. पाण्यावर निळा-जांभळा तवंग फिरत होता. ‘‘हेच पाणी ढोरांना पाजतो,’’ एवढंच बोलला. त्या बादलीला उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

म्हणून आता मी कुठेही गेलो की डाईकच्या वॉल्व्हला कुलूप मागतो. पाणी सोडायच्या आधी वर तेल आहे का ते बघायचं, सोडून झालं की कुलूप लावायचं, आणि दोन्ही वेळा वहीत सही करायची. किल्ली कोणाकडे आहे, हे मात्र मी सुपरवायझरला विचारत नाही. रात्रपाळीच्या माणसाला विचारतो.