परतीची वाट : व्हर्च्युअल वर्ग दोन्ही बाजूंनी कसा चालतो

[दृश्य : स्क्रीनवर चौदा चौकटी. तेरा माइक बंद. प्रशिक्षक बोलत आहेत.]

निवेदन :

"इथपर्यंत सगळ्यांना समजलं?"

दोन सेकंद जातात. तीन जातात. कुणी बोलत नाही. प्रशिक्षक पुढच्या स्लाइडवर जातात आणि नेमका तेव्हाच एक माइक सुरू होतो. "सर, एक शंका होती..." पण स्लाइड बदललेली असते. "असू दे, नंतर विचारतो." ती शंका पुन्हा कधीच विचारली जात नाही.

कंपन्यांच्या ऑनलाइन प्रशिक्षणात हे रोज घडतं, आणि दोष शिकणाऱ्यांच्या माथी मारला जातो. लक्ष नाही, उत्साह नाही, बोलायला लाजतात. खरं कारण बऱ्याचदा वेळेच्या हिशोबात असतं.

समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपलं की साधारण २०० मिलिसेकंदांत दुसरा बोलू लागतो. म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. २००९ साली दहा भाषांवर झालेल्या एका अभ्यासात थोड्याफार फरकाने हेच दिसलं. नेटवर्कवर मात्र प्रश्न पोहोचायला वेळ लागतो आणि उत्तर परत यायलाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषण सहज चालतं. ४०० ही तिने घातलेली वरची मर्यादा. समजा, तुमच्या वर्गात हा विलंब ३०० आहे. जाऊन-येऊन ६०० झाले. त्यात उत्तर जुळवायचं, माउस हलवायचा, म्यूटचं बटण शोधायचं. तीन सेकंदांत आवाज आला नाही यात नवल काहीच नाही.

म्हणून प्रश्न विचारल्यावर प्रशिक्षकाने मनात दहापर्यंत मोजावं. बोलणाऱ्याला ते दहा सेकंद फार लांब वाटतात. ऐकणाऱ्याला ते जेमतेम पुरतात.

[दृश्य : एका दिशेचा बाण. मग त्याला उलट दिशेचा दुसरा बाण जोडला जातो.]

निवेदन :

शिकवणाऱ्याकडून शिकणाऱ्याकडे जाणारी वाट सगळेच नीट बांधतात. चांगला कॅमेरा, देखण्या स्लाइड, वेगवान इंटरनेट. परतीची वाट, म्हणजे शिकणाऱ्याचा आवाज, त्याची शंका, त्याच्या हातून झालेलं काम परत येण्याचा मार्ग, तेवढ्या काळजीने कुणी बांधत नाही. व्हर्च्युअल वर्ग फसतो तो बहुतेक वेळा तिथेच. परतीची वाट नसेल तर उरतं ते प्रक्षेपण. त्यासाठी चौदा माणसांचा वेळ एकाच घड्याळाला बांधायची गरज नाही, व्हिडिओ पाठवला तरी भागतं.

ही कल्पना नवीन नाही. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट यांनी सुमारे दीड तासाचं एक प्रात्यक्षिक दाखवलं. माउस जगासमोर आला तो त्याच दिवशी. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातला दुसराच भाग मोलाचा आहे. सुमारे ५० किलोमीटरवरच्या मेन्लो पार्कमधला सहकारी त्याच मजकुरावर त्यांच्याबरोबर काम करत होता. त्याचा चेहरा पडद्याच्या एका भागात दिसत होता, आवाज ऐकू येत होता आणि दोघांचे पॉइंटर एकाच पानावर फिरत होते. पहिल्याच मोठ्या प्रात्यक्षिकात परतीची वाट होती.

[दृश्य : इंटरनेटचा वेग मोजणारं पान. डाउनलोडचा आकडा मोठा, अपलोडचा लहान.]

निवेदन :

आधी तांत्रिक बाजू. कनेक्शन घेताना लोक डाउनलोडचा वेग पाहतात. वर्गात बोलायचं असेल तर अपलोड पाहा. ७२०पी (साधारण एचडी दर्जाचं) चित्र पाठवायला साधारण १ ते १.५ मेगाबिट प्रतिसेकंद लागतात. नुसत्या आवाजाला ३० ते ५० किलोबिट पुरतात, म्हणजे चित्राच्या तिसाव्या भागाच्या आसपास. आवाज तुटू लागला की आधी स्वतःचा कॅमेरा बंद करा, असं सांगतात ते याच हिशोबाने.

वेग पुरेसा असूनही आवाज तुटत असेल तर पार्श्वभूमीला काय चालू आहे ते बघा. क्लाउडवर फोल्डर सिंक होत असतं, फोनमधले फोटो चढत असतात. अपलोडची वाट अशा फायलींनी भरली की आवाजाची पॅकेट, म्हणजे त्याचे छोटे तुकडे, राउटरमध्ये रांगेत अडकतात. मग बोलणं रोबोटसारखं ऐकू येतं, किंवा थांबतं आणि साचलेले शब्द एकदम भरधाव ऐकू येतात. वर्गाच्या वेळेपुरता सिंक थांबवणं हा सर्वांत स्वस्त उपाय.

कंपनीच्या व्हीपीएनचा, म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरण्याच्या सुरक्षित मार्गाचा, त्रास वेगळा. थेट आवाज आणि चित्र सहसा यूडीपी या पद्धतीने जातं. एखादं पॅकेट हरवलं तर हरवलं, त्याची वाट न पाहता पुढचं वाजतं. या मार्गावरच्या फायरवॉलने, म्हणजे नको ती वाहतूक रोखणाऱ्या यंत्रणेने, यूडीपी अडवलं की सॉफ्टवेअर नाइलाजाने टीसीपीवर येतं. तिथे हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवलं जातं आणि ते येईपर्यंत मागचं सगळं थांबतं. फाइल उतरवताना हे ठीक आहे, संभाषणात नाही. आयटी विभागाशी बोलताना "आवाज नीट येत नाही" एवढ्यावर थांबू नका. यूडीपी खुलं आहे का, पोर्ट ३४७८ (अशा कॉलची वाहतूक जाते ते दार) अडवलंय का आणि या सॉफ्टवेअरची वाहतूक व्हीपीएनच्या बाहेरून थेट सोडता येईल का, असे तीन प्रश्न विचारा.

[दृश्य : हेडसेटचा माइक, अगदी जवळून. तो ओठांसमोरून बाजूला सरकवला जातो.]

निवेदन :

चित्र अंधूक असलं तरी लोक शिकतात. आवाज खराब असला की अर्ध्या तासात थकतात. त्यामुळे पैसे खर्च करायचे तर आधी प्रत्येकाच्या हेडसेटवर करावेत, आणि तेही शिकणाऱ्यांच्या. प्रशिक्षकाकडे भारी माइक आणि बाकीचे लॅपटॉपच्या भोकातून बोलतायत, ही नेहमीची चूक.

माइक तोंडासमोर नको, ओठांच्या कडेला दोन बोटांवर हवा. समोर धरला की 'प' आणि 'फ' म्हणताना श्वासाचे फटके बसतात. शक्यतो वायरचा हेडसेट घ्या. साध्या ब्लूटूथ हेडसेटवर गाणी उत्तम वाजतात, पण त्याचाच माइक सुरू झाला की जोडणी कॉलच्या पद्धतीवर जाते आणि ऐकू येणारा आवाजही एकदम डबक्यातून आल्यासारखा होतो. हेडसेट बिघडलेला नसतो, बँडविड्थ दोन दिशांत वाटली गेलेली असते.

एकाच खोलीत दोघांनी लॅपटॉप उघडले आणि दोघांचेही स्पीकर चालू राहिले, तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते. प्रतिध्वनी पुसणारं सॉफ्टवेअर फक्त आपल्याच स्पीकरचा आवाज ओळखतं, शेजारच्याचा नाही. खोलीत एकाच यंत्राचा आवाज चालू ठेवा. बाकीच्यांनी वर्गात येताना ऑडिओ जोडूच नये. नुसतं म्यूट करून भागत नाही, स्पीकर चालूच राहतो.

[दृश्य : एका टेबलाशी सहा जण, भिंतीवर पडदा. पडद्यावर पाच चौकटी.]

निवेदन :

निम्मे लोक खोलीत आणि निम्मे पडद्यावर, हा प्रकार चालवायला सर्वांत अवघड. खोलीतले एकमेकांत कुजबुजतात, हसतात, फळ्याकडे बोट दाखवतात आणि दूरचे प्रेक्षक होऊन बसतात. जमत असेल तर खोलीतल्यांनाही आपापल्या लॅपटॉपवरूनच वर्गात घ्या. जमत नसेल तर निदान एक शिस्त पाळा : प्रत्येक प्रश्नाचं पहिलं उत्तर दूरच्याकडून, मग खोलीतून.

[दृश्य : दोन माणसं, दोन स्क्रीन. एक शिकवतो, दुसरी चॅट आणि सहभागींची यादी पाहते.]

निवेदन :

वर्गाला दोन माणसं लागतात. एक शिकवणारा, दुसरा तांत्रिक सूत्रधार. उशिरा येणाऱ्यांना आत घेणं, कुणाचा पंखा माइकमध्ये घरघरतोय तो माइक बंद करणं, पोल लावणं, चॅटमधली शंका योग्य वेळी मोठ्याने वाचून दाखवणं आणि ज्याला आवाजच येत नाही त्याला फोन करणं, हे सगळं त्याचं काम. हीच कामं शिकवणाऱ्यावर पडली तर दर पाच मिनिटांनी धागा तुटतो. सूत्रधाराने दुसऱ्या एखाद्या यंत्रावरून साधा सहभागी म्हणूनही हजर असावं. "माझी स्क्रीन दिसतेय का?" हे मग कुणाला विचारावं लागत नाही.

स्क्रीन दाखवताना पूर्ण डेस्कटॉप न दाखवता फक्त हवी ती विंडो दाखवा. पगाराची फाइल किंवा ग्राहकाचा निरोप चुकून पडद्यावर येण्याचा धोका त्याने टळतो. आणि व्हिडिओ दाखवताना संगणकाचा आवाज पाठवण्याची खूण करायला विसरू नका. ती राहिली की चित्र हलतं आणि आवाज फक्त तुम्हालाच ऐकू येतो.

आता शिकवण्याकडे. चर्चा आणि सराव अपेक्षित असेल तर बारा ते सोळा जण पुरे. पंचवीसच्या पुढे गेलात की तो वेबिनार होतो, म्हणजे एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात. ते उघड मान्य करावं आणि आखणीही तशीच करावी. एक सत्र साठ ते नव्वद मिनिटांचं. खोलीतलं दिवसभराचं प्रशिक्षण पडद्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत लावणं म्हणजे दुपारनंतरचे पैसे वाया घालवणं. त्याची नव्वद मिनिटांची चार सत्रं करा आणि ती वेगवेगळ्या दिवशी ठेवा.

दर चार-पाच मिनिटांनी शिकणाऱ्याकडून काहीतरी परत आलं पाहिजे. चॅटची एक युक्ती हमखास चालते. प्रश्न विचारा आणि सांगा, "उत्तर लिहा, पण मी म्हणेपर्यंत एंटर दाबू नका." तीस सेकंद द्या. मग एकदम दाबायला सांगा. चौदा उत्तरं एकाच वेळी येतात, कुणी कुणाचं बघून लिहिलेलं नसतं आणि गैरसमज कुठे आहे ते नजरेला पडतं. कमी बोलणारी माणसं इथे बिनदिक्कत लिहितात.

[दृश्य : ब्रेकआउट रूम (छोट्या गटाची वेगळी ऑनलाइन खोली) उघडते. तीन चेहरे. शांतता. "आपल्याला नक्की काय करायचंय?"]

निवेदन :

ब्रेकआउट रूमचा खेळ बिघडतो तो या एका वाक्यावर. सूचना मुख्य वर्गात तोंडी दिलेली असते आणि रूममध्ये जाईपर्यंत निम्मी विसरलेली. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये मुख्य वर्गातली स्क्रीन आणि चॅट रूमच्या आत दिसत नाही, त्यामुळे परत पाहायची सोयही नसते. सूचना सामायिक दस्तऐवजात लिहून ठेवा आणि सगळ्यांनी तो उघडल्याची खात्री झाल्यावरच रूम उघडा. पानावर गटाचं नाव, नेमकं काम, उत्तर लिहायची जागा आणि परत आल्यावर कोण बोलणार, एवढं असलं की पुरे.

गट तीन-चार जणांचा. पाच झाले की एक जण गप्प बसतो. वेळ आठ ते दहा मिनिटं, कारण पहिली दोन नमस्कार-चमत्कारात आणि माइक तपासण्यात जातात. चार मिनिटांची रूम म्हणजे नुसती ये-जा. संपायच्या एक मिनिट आधी निरोप पाठवा. दरम्यान प्रशिक्षकाने प्रत्येक रूममध्ये घुसण्यापेक्षा दस्तऐवजावर नजर ठेवावी. कोणत्या गटाची जागा कोरी आहे ते तिथेच कळतं, मग फक्त त्याच रूममध्ये जावं.

त्या दस्तऐवजातही आखणी लागते. कोऱ्या पानावर पंधरा जण एकदम लिहायला लागले की एकमेकांचा मजकूर पुसला जातो. आधीच तक्ता करा, प्रत्येकाच्या नावाची एक ओळ ठेवा.

नवं सॉफ्टवेअर शिकवायचं असेल तर सर्वांत जास्त शिकवतं ते उलटं स्क्रीन शेअरिंग. शिकणारा आपली स्क्रीन दाखवतो, चाचणीच्या खात्यात नोंद करतो आणि प्रशिक्षक माउसला हात न लावता तोंडी मार्ग सांगतो. शिकणारा कोणत्या बटणाशी अडखळला, कोणतं बटण त्याला दिसलंच नाही, हे इथे उघड होतं. आपल्या स्क्रीनवर दहा वेळा करून दाखवलं तरी हे कळत नाही. सराव कायम चाचणीच्या खात्यावर करा, खऱ्या ग्राहकाच्या नोंदीवर नको.

कॅमेऱ्याची सक्ती करावी का? स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणं मांडली : जवळून सतत रोखलेल्या नजरा, खाणाखुणा वाचायला लागणारे जादा कष्ट, स्वतःचाच चेहरा सतत समोर असणं आणि एका जागी बांधून राहणं. यातलं तिसरं कारण एका क्लिकने दूर होतं. स्वतःची चौकट स्वतःपुरती लपवा. इतरांना तुम्ही दिसतच राहता. बाकी, ओळखीच्या वेळी आणि लहान गटात कॅमेरा सुरू, एकट्याने सराव करताना बंद, अशी विभागणी बहुतेक ठिकाणी निभते.

रेकॉर्डिंग करणार असाल तर सुरुवातीलाच सांगा, आणि ते कोण पाहणार व कधी पुसलं जाणार तेही सांगा. हे ठाऊक नसलं की माणसं शंका विचारायचं टाळतात. नव्वद मिनिटांचं अखंड रेकॉर्डिंग सहसा कुणी पाहत नाही. त्यातले प्रात्यक्षिकाचे भाग पाच-सहा मिनिटांचे कापून, शीर्षक देऊन ठेवा. आपोआप उमटणारी उपशीर्षकं नावं आणि आकडे चुकवतात, तेवढे हाताने तपासा.

[दृश्य : दिनदर्शिका. शेवटच्या सत्रानंतर एका आठवड्याने अर्ध्या तासाची एक नोंद.]

निवेदन :

शेवटचं सत्र झाल्यावर आठवड्याने अर्धा तास राखून ठेवा, आणि त्याचं आमंत्रण पहिल्याच दिवशी पाठवा. नंतर पाठवलं की कुणालाच वेळ नसतो. या अर्ध्या तासात स्लाइड नसतात. प्रत्येकाने मधल्या दिवसांत प्रत्यक्ष कामावर जिथे अडलं ती एक पायरी आधी तक्त्यात लिहायची. सत्रात त्यातल्या सर्वाधिक जणांना अडलेल्या दोन-तीन पायऱ्या घ्यायच्या, ज्याला जमलं त्याने आपली स्क्रीन दाखवून इतरांना करून दाखवायचं. उरलेल्यांची उत्तरं सूत्रधार त्याच तक्त्यात लिहून पाठवतो, आणि पुढच्या तुकडीचा सराव त्या यादीवरून बेतला जातो.