रात्री फोन कोण उचलतं?

(दृश्य : वाशी. केंद्रातली औषधांची खोली. भिंतीत बसवलेलं स्टीलचं कपाट. सिस्टर दोन किल्ल्या लावून ते उघडते.)

या कपाटाला दोन कुलपं आहेत. एक किल्ली ड्युटीवरच्या सिस्टरकडे, दुसरी डॉक्टरांकडे. आत मॉर्फिनच्या गोळ्या आहेत, दहा मिलिग्रॅमच्या. अफूपासून होणारं, तीव्र वेदनेवरचं औषध. खालच्या फळीवर रजिस्टर. तारीख, रुग्णाचा नंबर, दिलेल्या गोळ्या, उरलेल्या गोळ्या, दोन सह्या. पाळी बदलली की गोळ्या पुन्हा मोजायच्या. हिशेब जुळेपर्यंत कुणी घरी जात नाही.

आपलं माणूस आता बरं होणार नाही, असं डॉक्टर सांगतात आणि घरचे हॉस्पिस शोधायला निघतात, म्हणजे शेवटच्या दिवसांत दुखणं आवरणारी, केंद्रात किंवा घरी येऊन सांभाळणारी संस्था. आधी खोल्या बघतात. एसी आहे का, नातेवाइकाला आडवं व्हायला जागा आहे का, लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का. बघावंच, स्ट्रेचरचं तर बघावंच. पण आम्हाला विचाराल तर पहिला प्रश्न या कपाटाचा. तुमच्याकडे मॉर्फिन असतं का? कुणाच्या मान्यतेवर ठेवता? आज शिल्लक आहे का? "लागलं तर मागवू" असं उत्तर आलं, तर चहा घ्यावा आणि निघावं.

(दृश्य : रजिस्टरच्या पानांवरून सरकणारा कॅमेरा. मग संग्रहातलं चित्रण : अफूची शेतं, बोंडांना चिरा देणारे हात.)

या गोळीला इतकं महत्त्व का, ते जरा मागे जाऊन सांगावं लागेल. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेवरच्या औषधांच्या पायऱ्या ठरवून दिल्या. सगळ्यात वरच्या पायरीवर मॉर्फिन. तोंडानं घ्यायचं, चार-चार तासांनी, घड्याळ लावून, दुखायची वाट न बघता. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९८५ साली, आपल्याकडे अमली पदार्थांचा कडक कायदा आला होता. रोख तस्करांवर होता, धसका इस्पितळांनी घेतला. एका औषधासाठी चार-पाच परवाने, ते वेगवेगळ्या खात्यांचे, आणि सगळे एकाच वेळी चालू असायला हवेत. एकाची मुदत संपली की बाकीचे कागद निरुपयोगी. शिक्षेची भीती वेगळीच. "नको ती कटकट" म्हणून भल्याभल्यांनी औषध ठेवणंच सोडलं.

आकडे बघा. १९८५ साली देशात औषध म्हणून ७१६ किलो मॉर्फिन वापरलं गेलं. १९९७ साली १८ किलो. आणि अफू पिकत होती आपल्याच नीमच-मंदसौरच्या शेतात. मॉर्फिन तयार होऊन परदेशी रुग्णांपर्यंत जात होतं, ठाण्यातल्या रुग्णाला मात्र मिळत नव्हतं. २०१४ साली कायदा सुधारला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन अशी सहा औषधं अत्यावश्यक ठरली, परवान्यांच्या माळेऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. पण मधल्या काळात डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिन न लिहिताच शिकून बाहेर पडली होती. आजही "एवढ्यात मॉर्फिन? सवय लागेल" हे वाक्य ऐकायला मिळतं, आणि ते पांढऱ्या कोटातल्या माणसाकडून आलं की घरचे गप्प बसतात.

म्हणून ते कपाट.

(दृश्य : ऐरोली. सेक्टरमधली जुनी इमारत, लिफ्ट नाही. सिस्टर बॅग खांद्याला लावून तिसरा मजला चढते. वन रूम किचनचं घर. खिडकीशी पलंग.)

काकांच्या गालाला जखम आहे. तोंडाचा कर्करोग, शस्त्रक्रिया झाली, रेडिएशन झालं, कर्करोग परत आला. घरच्यांनी चित्रीकरणाला परवानगी दिली, नाव घ्यायचं नाही एवढंच सांगितलं.

सिस्टर पलंगाच्या कडेला बसते. बॅग नंतर उघडते.

"काका, काल रात्री दुखणं रुपयात किती होतं?"

काका बोटांनी दाखवतात. मग बोलतात, "बारा आणे."

"आणि आत्ता?"

"चार आणे."

फाइलमध्ये तक्ता आहे. दुखणं, धाप, मळमळ, झोप, भूक, मनाची अवस्था. प्रत्येकापुढे आकडा, आणि आज सिस्टरनं मागच्या खेपेचा आकडा बोट ठेवून पाहिला. कुठल्याही संस्थेची पारख करायची असेल तर हा तक्ता मागून बघा. एकच आकडा रोज उतरवलेला दिसला, तर कुणीतरी ऑफिसात बसून भरलाय.

पुढचा प्रश्न : "पोट साफ होतंय ना?" मॉर्फिननं बद्धकोष्ठ होतंच. चांगला डॉक्टर पहिल्याच दिवशी त्याच चिठ्ठीवर रेचक लिहितो. नुसतं मॉर्फिन लिहिलेली चिठ्ठी हातात पडली, तर लिहिणाऱ्याला या कामाचा सराव नाही हे ओळखावं.

(दृश्य : क्लोजअप. मीठपाण्यात भिजवलेला बोळा. मेट्रोनिडॅझॉलची गोळी दोन चमच्यांमध्ये कुस्करून पूड करणारे हात.)

आता ड्रेसिंग. जुनी पट्टी ओढायची नाही, मीठपाण्यानं ओली करून सोडवायची. मग ही पूड. मेट्रोनिडॅझॉल, पोटाच्या तक्रारीवर घेतात तीच साधी गोळी, बारीक करून जखमेवर भुरभुरायची. जखमेचा वास करणारे जंतू तिच्यानं मरतात. वास गेला की काय होतं ते बघा.

(दृश्य : नात स्वयंपाकघराच्या दारातून येते, पलंगावर आजोबांच्या पायांशी बसते. वीस सेकंद निवेदन नाही.)

(दृश्य : सून आणि सिस्टर, दोघी मिळून काकांना कुशीवर वळवतात.)

सून हे सगळं शिकली आहे. चादरीला धरून वळवायचं, दर दोन तासांनी. कंबरेची आणि टाचांची कातडी लाल झाली का, बोटानं दाबून बघायचं. ओठ ओले ठेवायचे. खाणं उतरत नसेल तर बळजबरी करायची नाही, हे तिला सगळ्यात जड गेलं. संस्था भेट देऊन निघून जाते की घरच्यांच्या हातात काही कला सोडून जाते, हा फरक आठवडाभरात कळतो. सिस्टर दिवसातले पाऊण-एक तास असते. उरलेले तास सुनेचे.

(दृश्य : ठाणे-बेलापूर रस्ता, संध्याकाळ. विटावा रेल्वे पुलाखाली साचलेलं पाणी, अडकलेल्या गाड्या. मग घोडबंदर रोड, लाल दिव्यांची रांग.)

"संपूर्ण ठाणे, नवी मुंबई, कल्याण, पनवेल." माहितीपत्रकावर असं छापायला पैसे पडत नाहीत. विटाव्याच्या पुलाखाली पावसाळ्यात पाणी भरतं, घोडबंदरला गायमुखाच्या घाटात एक ट्रेलर बंद पडला की कासारवडवली विसरा. वाशीच्या सिस्टरनं मध्यरात्री पाटलीपाड्याला कसं पोचायचं? जी संस्था सरळ सांगते, "रात्री येता येणार नाही, पण असं झालं तर हे करा," तिच्यावर जास्त भरवसा ठेवावा. दुखणं मध्येच उसळलं तर द्यायचा जादा डोस घरात असायला हवा. किती द्यायचा, किती वेळानं पुन्हा द्यायचा, हे मराठीत, मोठ्या अक्षरात, फ्रिजला लावलेलं. घशात घरघर सुरू झाली तर काय, झटका आला तर काय. त्याच कागदावर फोन नंबर.

(दृश्य : नौपाडा. रात्र. भिंतीवरचं घड्याळ, दोन वाजून गेलेत. मुलगी मोबाइल कानाला लावून उभी. स्पीकर चालू.)

आम्ही या मुलीकडून दोन संस्थांना या वेळी फोन लावून पाहिला. नावं घेत नाही. पहिल्या ठिकाणी बराच वेळ रिंग वाजली, मग झोपेतला आवाज : "ऑफिस सकाळी दहाला उघडतं, मॅडम." दुसऱ्या ठिकाणी सिस्टरनं उचलला. तिच्या वडिलांचा फाइल नंबर विचारला, फाइल काढली, शेवटचा डोस किती वाजता दिला ते विचारलं, दुसरा द्यायला सांगितलं आणि म्हणाली, "मी अर्ध्या तासानं फोन करते, तुम्ही करू नका." तिनं केला.

पैसे भरायच्या आधी एकदा रात्री फोन करून बघा. यात गैर काही नाही. भाजी घेतानाही आपण देठ मोडून बघतो.

कोण येतं हेही विचारा. आपल्याकडे ब्युरोची बाईसुद्धा "नर्स" म्हणून येते. बारा तासांची ड्युटी करते, पुसते, भरवते, डायपर बदलते. तिचं काम मोलाचं, पण सुई टोचणं तिच्याकडून करून घेऊ नका. नर्सकडे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असते, डॉक्टरच्या लेटरपॅडवर मेडिकल कौन्सिलचा नंबर असतो. मागितला म्हणून कुणी चिडलं, तर उत्तर मिळालंच. आणि "आम्ही फक्त कॅन्सर घेतो" म्हणणारे बरेच आहेत. हृदय थकलेल्या, किडनी गेलेल्या, दम्यानं खंगलेल्या माणसांना हीच सेवा लागते, त्यामुळे आधी विचारून घ्यावं.

(दृश्य : ठाणे स्टेशनबाहेरची गर्दी, सॅटिस पुलावरून. मग वाशीच्या केंद्राची बाहेरची पाटी.)

आपल्याकडे हे सगळं घरच्यांनाच करावं लागतं, कारण या संस्थांचा निकाल लोकांसमोर मांडणारी व्यवस्था नाही. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या नियमानुसार रुग्ण गेल्यानंतर काही महिन्यांनी घरच्यांना प्रश्नावली जाते. दुखणं आवरलं का, रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी मदत मिळाली का, तुम्हाला शिकवलं का. शेवटच्या तीन दिवसांपैकी निदान दोन दिवस नर्स किंवा समाजसेविका घरी आली का, हेही मोजतात, आणि संस्थेच्या नावासह जाहीर करतात. भारतातलं पहिलं हॉस्पिस, वांद्र्याचं शांती आवेदना, १९८६ सालचं. महाराष्ट्रानं पॅलिएटिव्ह, म्हणजे दुखणं आणि त्रास आवरणाऱ्या सेवेचं धोरण २०१२ साली केलं. मोजमाप अजून यायचं आहे. तोवर अमेरिकेतले प्रश्न उसने घ्या, आणि जिथे त्या संस्थेनं आधी काम केलंय अशा दोन घरांचे फोन नंबर मागा.

(दृश्य : टेबलावर पसरलेले कागद. बोट एका फॉर्मवर.)

हा नमुना ४-अ. घरी मृत्यू झाला तर कारणाचं प्रमाणपत्र यावर लागतं, आणि ते शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरनं द्यायचं असतं. पहाटे चारला गल्लीतला डॉक्टर "मी पेशंट बघितलेला नाही" म्हणतो, आणि त्याचं बरोबर असतं. जवाहरबाग स्मशानभूमीत नेण्याआधी मुलगा दारोदार फिरतोय, हे ठाण्यात अनेकांनी पाहिलंय. तुमचा डॉक्टर येईल का, किती वेळात, त्याचे वेगळे पैसे किती, हे सुरुवातीलाच विचारा. विचारताना जीभ जड होते. तरी विचारा. उरलेल्या मॉर्फिनचं काय करायचं, तेही त्याच वेळी. चांगली संस्था गोळ्या मोजून परत नेते आणि सही घेते.

अंतिम इच्छापत्राचं थोडक्यात. हे मालमत्तेचं नव्हे; बरं होण्याची आशा उरली नाही तर कुठले उपचार नकोत, ते आधीच लिहून ठेवायचं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली ते मान्य केलं आणि २०२३ साली सोपं केलं; दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. त्याची प्रत संस्थेच्या फाइलमध्ये लावून घ्या. ज्यांच्या घरी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं, त्यांची माणसं बहुधा आयसीयूत गेली. तिथे कॅमेरा नेता आला नाही.

(दृश्य : ऐरोली. सिस्टर जिना उतरते. खाली रिक्षा थांबलेली. पडद्यावर कागदांची यादी सरकते.)

पैशांचं : काही धर्मादाय केंद्रं एक पैसा घेत नाहीत, तिथे खाटेसाठी थांबावं लागू शकतं. खाजगी सेवेकडून भेटीचा दर, रात्रीचा दर, ऑक्सिजन आणि एअरबेडचं भाडं लिहून घ्या. मेडिक्लेममध्ये यातलं काय बसतं, ते एजंटला आधी विचारा, त्याचं उत्तरही लिहूनच घ्या.

आणि टाटाच्या किंवा कुठल्याही डॉक्टरनं "आता घरी न्या" म्हणेपर्यंत थांबू नका. उपचार चालू असतानाच नाव नोंदवता येतं. डिस्चार्ज कार्ड, बायोप्सी आणि शेवटच्या स्कॅनचा रिपोर्ट, चालू औषधांची यादी, रुग्णाचं आणि सांभाळणाऱ्याचं आधार कार्ड. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. फाइलवर सांभाळणाऱ्याचा मोबाइल नंबर, आणि तो नंबर रात्री सायलेंटवर ठेवू नका.