ऐंशी रुपये, एक खाट आणि एक स्टोव्ह

(दृश्य: गिरगावातली जुनी इमारत, लाकडी जिना, वर गच्ची)

१५ मार्च १९५९. गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. दिवसअखेर चार पाकिटं भरली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यानं घेतली. भांडवल ८० रुपये, तेही उसने. ते दिले समाजसेवक छगनलाल करमशी पारेख यांनी. सगळे त्यांना छगनबाप्पा म्हणायचे.

'लिज्जत' पापडाची ही गोष्ट सांगणारे इथून थेट कोटींच्या उलाढालीवर उडी मारतात. गंमत मात्र मधल्या चार-पाच वर्षांत आहे.

उडदाचं पीठ, हिंग, मिरी, पापडखार. यात गुपित काहीच नव्हतं. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट आणि त्यांच्या शेजारणींना जे येत होतं, ते आसपासच्या कितीतरी घरांत येत होतं. मग यांचाच पापड का चालला?

सुरुवातीला त्या दोन प्रतींचा माल करत. एक चांगला, एक हलका आणि स्वस्त. छगनबाप्पांनी हलका बंद करायला लावला. माल एकाच प्रतीचा हवा आणि हिशेब पेढीसारखा चोख, हा त्यांचा आग्रह. देणगी घ्यायची नाही, हेही ठरलेलं. तुटलेले पापड विकायचे नाहीत, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटले जात. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये.

आणि मग मुंबईचा पाऊस! ऊन नाही म्हणजे वाळवण नाही. पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावं लागलं.

(दृश्य: खाट, तिच्यावर पसरलेले पापड, खाली पेटलेला स्टोव्ह)

पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत आणला. खाटेवर ओले पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. वरून पाऊस कोसळतोय आणि खालच्या धगीवर पापड वाळताहेत. यंत्र म्हणाल तर एवढंच. पण बारमाही माल मिळणार म्हटल्यावर दुकानदाराला या बायकांवर भरवसा ठेवता आला. माझ्या मते धंदा खरा उभा राहिला तो या खाटेवर.

बायका वाढत गेल्या तशी गच्ची अपुरी पडू लागली. त्यावर निघालेला तोडगा आजही चालू आहे. पीठ एकाच ठिकाणी मळायचं, लाटायचं मात्र ज्यानं त्यानं आपापल्या घरी. सकाळी केंद्रावरून मळलेलं पीठ न्यायचं, घरी लाटून वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे. तिथं ते तपासले जातात, वजन होतं, लाटण्याची मजुरी हातात पडते आणि नवं पीठ घेऊन बाई घरी परतते. मळणं एका जागी असल्यामुळे चव बदलत नाही. लाटणं घरी असल्यामुळे तान्ह्या मुलाच्या आईलाही काम करता येतं. शिकलेली असो वा नसो, कुणाला अडत नाही.

सगळंच जमलं असं मात्र नाही. १९६१मध्ये मालाडला शाखा काढायचा प्रयत्न झाला, तो फसला. 'लिज्जत' हे नाव १९६२मध्ये एका स्पर्धेतून मिळालं. बक्षीस होतं ५ रुपये! १९६६मध्ये संस्थेची नोंदणी झाली आणि खादी-ग्रामोद्योग आयोगाची मान्यताही मिळाली.

आज सुमारे ४५ हजार बायका या कामात आहेत. २०२१मध्ये जसवंतीबेनना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. इथं मालकीण वेगळी आणि कामगार वेगळी असं नाही. प्रत्येक जण 'बहीण' आणि प्रत्येक जण भागीदार, नफ्यातही आणि तोट्यातही. हिशेबनीस किंवा ड्रायव्हर म्हणून पुरुष पगारावर असतात. सभासद मात्र होता येत नाही, आणि हा नियम छगनबाप्पांनाही चुकला नव्हता.