फ्लास्कवरचं लेबल

मागच्या मुलींनो, पुढं या की, जागा आहे इथं. तर आपल्या बेळगावच्या टिळकवाडीतलं व्हॅक्सीन डेपो तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. एकेकाळी तिथं देवीची लस बनायची, वासरांच्या कातडीवर विषाणू वाढवून. आता कुत्रं चावल्यावर देतात ती रेबीजची लस घ्या, तिचा विषाणू बऱ्याच कंपन्या व्हेरो पेशींवर वाढवतात, १९६२ साली जपानात आफ्रिकन माकडाच्या किडनीतनं काढलेल्या पेशी ह्या, अजून वाढतायत. जनावराच्या अंगावर व्हायचं ते काम आता फ्लास्कमध्ये होतं, आणि तो फ्लास्क सांभाळतो टेक्निशियन.

सांभाळायचं म्हणजे इनक्यूबेटर, म्हणजे पेशी उबेत ठेवायची पेटी, तिच्यात ३७ डिग्री, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि रोज सकाळी आल्याआल्या मीडियाचा, म्हणजे पेशींना खायला घातलेल्या द्रवाचा, रंग बघायचा. लालसर आहे तर ठीक, पिवळा पडला की पेशींनी खाऊन संपवलंय, बदला. जांभळट दिसला तर कार्बन डायऑक्साइड कमी पडला असेल, आधी गॅसचा सिलिंडर बघा. रात्रीत पिवळा आणि गढूळ दोन्ही झालं तर बॅक्टेरिया, फ्लास्क ब्लीच करून टाकायचा, जीव अडकवायचा नाही. मायकोप्लाझ्मा म्हणजे एकदम बारीक बॅक्टेरिया, तो मात्र वाईट, मीडिया स्वच्छच दिसतो, साध्या मायक्रोस्कोपखाली कळत नाही, त्याला सेल वॉल, म्हणजे पेशीभोवतीची भिंतच नाही त्यामुळं पेनिसिलिन चालत नाही, पीसीआरसारखी, म्हणजे त्याचा डीएनए शोधणारी टेस्ट करूनच बघावं लागतं आणि तोवर महिन्यांचे रीडिंग वाया गेलेले असतात.

आणि आपला पाऊस! खानापूरकडनं येणाऱ्यांना सांगायला नको, जून लागला की भिंतीला बुरशी येते, तीच बुरशी इनक्यूबेटरच्या पाण्याच्या ट्रेमध्ये बसते. म्हणून पावसाळ्यात ट्रे वरचेवर धुवायचा, पुठ्ठ्याचे खोके कल्चर रूममध्ये आणायचेच नाहीत, छत्री तर बाहेरच.

पण मला विचाराल तर सगळ्यात मोठं काम लेबलचं. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हेन्रिएटा लॅक्स ह्या बाईच्या कॅन्सरच्या गाठीचा तुकडा काढला, तिला न विचारता, हे कधी विसरू नका. तो तुकडा बारीक कापून नळ्यांत लावला आणि नळ्यांवर नाव घातलं ते लॅब असिस्टंट मेरी क्युबिचेकनं. तिच्या नावावरनं हेला म्हणतात त्या पेशी इतक्या जोरात वाढल्या की दुसऱ्यांच्या फ्लास्कमध्येसुद्धा घुसल्या, आणि १९६६ मध्ये स्टॅनली गार्टलर ह्या शास्त्रज्ञानं दाखवलं की वेगवेगळ्या म्हणून वापरलेल्या कितीतरी सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशींचे वंश, खरं तर हेलाच आहेत. लोकांनी वर्षानुवर्षं भलत्याच पेशींवर काम केलेलं! एक थेंब पुरतो हो त्याला, एकच पिपेट दोन बाटल्यांत गेली की झालं.

म्हणून हुडमध्ये, म्हणजे स्वच्छ हवेच्या कपाटात, एका वेळी एकच सेल लाइन, प्रत्येकीची मीडियाची बाटली वेगळी, आणि फ्लास्कवर नाव, पॅसेज नंबर (पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये घातल्या तो), तारीख, स्वतःची सही. घाईत असलात तरी. संशोधनाच्या पेपरवर नाव सरांचं येईल, टेक्निशियनचं यायला पाहिजे असं मी दर मीटिंगला म्हणते आणि म्हणत राहणार, पण पेशी खऱ्या कुठल्या ते तुमच्या वहीतच असतं.

चला, ग्लोव्हज घाला, दोघं दोघं या. ट्रिप्सिन, म्हणजे पेशी तळापासनं सोडवणारं एन्झाइम, घातल्यावर पेशी गोल होऊन कशा सुटतात ते दाखवते, दोन-तीन मिनिटांत सीरम घालून थांबवायचंय, तेव्हा बोलत बसू नका.