कोलंबियाचं पोट

(हँगर. यानाखाली उताणे पडून काम करणारे कामगार.)

मार्च 1979. बोइंग 747 च्या पाठीवर बसून अमेरिकेचं कोलंबिया हे अवकाशयान (स्पेस शटल) फ्लोरिडात उतरलं, तेव्हा त्याच्या कितीतरी उष्णतारोधक टाइल्स लावायच्याच राहिल्या होत्या आणि लावलेल्यांतल्या काही वाटेत उडाल्या होत्या. पुढे दीड वर्षाहून अधिक काळ ते या हँगरमधून हललं नाही.

हातात दिसतेय ती टाइल. सिलिकाच्या तंतूंचा ठोकळा, नव्वद टक्क्यांहून जास्त पोकळ, थर्माकोलसारखा हलका. 1200 अंशांचा ताप सोसते, पण वाकवली की तडकते. यानाची ॲल्युमिनियमची कातडी मात्र तापली की फुगते, ताणली जाते. म्हणून टाइलला आधी नमद्याचा, म्हणजे दाबून केलेल्या लवचीक कापडाचा, तुकडा डकवायचा, मग तो नमदा यानाला. सुकला की ओढून बघायचं. सुटली? पुन्हा. काही टाइल्स तर काढून, मागची बाजू टणक करून परत लावाव्या लागल्या. अशा तीस हजारांवर. जवळपास प्रत्येकीचा आकार वेगळा, क्रमांक वेगळा. विलंब झाला म्हणून ओरड झाली ती याच लोकांच्या नावानं.

(उड्डाणतळ 39ए.)

12 एप्रिल 1981, सकाळचे सात. आत चंद्रावर चालून आलेले जॉन यंग आणि पहिल्यांदाच अवकाशात निघालेले रॉबर्ट क्रिपेन. याआधी अमेरिकेनं प्रत्येक नवं यान माणसांशिवाय उडवून पाहिलं होतं. या वेळी ते झालं नाही. इंधनाची मोठी टाकी पांढरी दिसतेय ना? तिसऱ्या फेरीपासून हा रंग बंद झाला, अडीचशे किलोंहून जास्त वजन वाचलं.

(कक्षेतून, शेपटीकडचं दृश्य.)

मालकक्षाची दारं उघडली आणि हे काळे चौकोन दिसले. टाइल्स गळालेल्या. परतताना इथे ताप कमी असतो. पोटाखाली काय झालंय, ते या कॅमेऱ्याला दिसत नव्हतं.

(कॅलिफोर्नियातला एडवर्ड्स हवाई तळ, कोरड्या तळ्याचं मैदान. 14 एप्रिल.)

चाकं टेकली. यंग उतरले आणि थेट यानाखाली शिरून फिरू लागले. वर बघत.

16 टाइल्स गेल्या होत्या, 148 दुखावल्या होत्या. उड्डाणावेळी बूस्टर रॉकेटं पेटताना उसळलेल्या दाबाचा तडाखा बसला होता. पुढच्या वेळी हा दाब शमवायला उड्डाणतळावर पाण्याची सोय वाढवली. नोव्हेंबरात हेच यान पुन्हा अवकाशात गेलं. 2003 मध्ये परतताना कल्पना चावलांसह सात जणांना घेऊन ते कोसळलं. भोक पडलं होतं डाव्या पंखाच्या कडेला, कार्बनच्या कवचाला. टाइलला नव्हे.