84 बोल्ट

हे दोन बोल्ट बघा. शेजारी शेजारी ठेवलेत म्हणून फरक दिसतोय. लांबी सारखीच. जाडीत मात्र 0.66 मिलिमीटरचा फरक.

जून 1990. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम विमानतळ. ब्रिटिश एअरवेजच्या बीएसी वन-इलेव्हन विमानाची कॅप्टनसमोरची काच बदलायची आहे. माणसं कमी, म्हणून रात्रपाळीचा व्यवस्थापक स्वतःच कामाला लागतो. काढलेला बोल्ट नमुन्याला घेऊन तो भांडारात जातो. तिथला माणूस सांगतो, या काचेला 8डी लागतो. आकडा लांबीचा, अक्षर जाडीचं. पण हातातला बोल्ट 7डी आहे, आणि याच बोल्टांनी आजवर काच धरून ठेवली आहे. मग जे निघालं तेच बसवू, असं व्यवस्थापक ठरवतो. हाताने काम करणाऱ्या कुणालाही हे पटेल.

भांडारात 7डी हवे तितके नाहीत. तो दुसऱ्या साठ्याकडे जातो. तिथे कुणी नाही, उजेड अंधुक, खणांवरच्या चिठ्ठ्या पुसट. नमुन्याशी ताडून, डोळ्यांनी आणि बोटांनी, तो बोल्ट वेचतो. ते निघतात 8सी, 8डीइतकेच लांब पण त्याहून बारीक.

आता हे हात बघा. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक एका हाताने धरून ठेवायचं, दुसऱ्याने फिरवायचं, तेही बाजूने वाकून. बोल्टचं डोकं खाचेत जरा जास्तच आत बसतंय, पण ते त्याच्याच हाताखाली झाकलेलं. 90 पैकी 84 बोल्ट बारीक, उरलेले 6 आखूड.

27 तासांनी, 10 जूनला, मलागाकडे निघालेल्या विमानाची काच 17,300 फुटांवर निखळली. कॅप्टन टिम लँकेस्टर अर्धे बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. 87 च्या 87 जण वाचले.

ही काच बाहेरून बसवलेली असते. वर गेल्यावर केबिनमधली हवा तिला बाहेरच रेटते, सगळा ताण बोल्टांवर. तरीही ते काम दुसऱ्या कुणी तपासावं, असा नियम नव्हता. दाबाची चाचणीही सक्तीची नव्हती.

त्या माणसाच्या माथी खापर फोडून फाईल बंद करता आली असती. तपास अधिकाऱ्यांनी मानसशास्त्रज्ञाला सोबत घेतलं. त्या पहाटे हा बोल्ट त्याला बरोबर का वाटला, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.