बाबा असे नव्हते जी

(वर्धा जिल्ह्यातल्या एका गावी, सार्वजनिक वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

मंडळी, वेचणीचे दिवस असूनही तुम्ही इतके जण आलात, म्हणून प्रस्तावना न करता सरळ एका घरातली गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन घरांतलं एकत्र केलं आहे. काही वर्षं झाली त्याला.

साठीचे गृहस्थ. कोरडवाहू शेती, गळ्यात माळ, जन्मात पत्त्याला हात लावलेला नाही. कंपवात, म्हणजे पार्किन्सन, म्हणून माझ्याकडे आले. गोळ्या सुरू केल्या. वर्षभरात थरथर कमी झाली, चाल सुधारली. मग एक दिवस मुलगा एकटाच आला आणि दार लोटून बसला. ‘बाबा असे नव्हते जी,’ म्हणाला. कापसाचे चुकारे खात्यात पडले अन् आठ दिवसांत मोबाइलवरच्या रमीत गेले. त्याआधी कोटाच्या खिशात सट्ट्याच्या चिठ्ठ्या सापडल्या होत्या. ‘इचारलं त म्हणतात, मलेच समजत नाही काहून खेळतो.’

गोळी लिहून देताना मी मळमळ सांगितली होती, चक्कर सांगितली होती, झोप येईल म्हणून गाडी जपून चालवा असंही सांगितलं होतं. हे मात्र सांगितलं नव्हतं. चूक माझी होती.

आता हे होतं कसं? मेंदूच्या बुडाशी काळसर पेशींचा एक पट्टा आहे. त्या पेशी डोपामिन, म्हणजे मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन, बनवतात आणि कंपवातात त्या मरत जातात. पण सगळ्या एकाच वेळी मरत नाहीत, मेख इथंच आहे. हालचालीकडे डोपामिन पोचवणाऱ्या आधी जातात. ओढ, हौस, ‘आणखी एक डाव’ वाटणं, या बाजूला पुरवठा करणाऱ्या बराच काळ शाबूत राहतात. म्हणजे वरचा वाफा कोरडा आणि खालच्यात ओल. वरच्यासाठी पाट सोडला की खालच्यात पाणी साचतं. त्यात प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या गोळ्या डोपामिनची नक्कल करतात, आणि त्यांचा ओढा ज्या डी-३ रिसेप्टरकडे, म्हणजे डोपामिन पकडणाऱ्या एका जातीच्या खाचांकडे, जास्त, ते या खालच्या वाफ्यातच दाट असतात.

हे विरळा आहे असंही नाही. २०१० साली अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. जुगार, बेसुमार खरेदी, अनावर खाणं, अनावर कामवासना, यांपैकी किमान एक गोष्ट १३.६ टक्के लोकांत सापडली. या नकली डोपामिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत १७.१ टक्के, न घेणाऱ्यांत ६.९. यातली शेवटची गोष्ट आपल्याकडे कोणी बोलतच नाही. सासऱ्याबद्दल सून काय सांगणार, आणि कोणाला? बायको गप्प, मुलगा गप्प, आणि गावात चर्चा की म्हातारा बिघडला. आणखी एक प्रकार आहे, तो निरुपद्रवी वाटतो म्हणून घरचे हसण्यावारी नेतात. रात्र-रात्र पंपाची मोटर खोलायची, पुन्हा जोडायची, पुन्हा खोलायची. तेही सांगा.

एक कळकळीची विनंती. हे ऐकून घरी जाऊन गोळी फेकू नका. एकदम बंद केली तर शरीर आखडतं, शिवाय घबराट, घाम, नैराश्य असा त्रास काहींना फार होतो. ती पायरी-पायरीनं उतरवायची आणि लेव्होडोपाचा, म्हणजे मेंदूत जाऊन डोपामिन बनणाऱ्या औषधाचा, हिशेब नव्यानं बसवायचा. आमच्या त्या गृहस्थांचं असंच केलं. दोन-तीन महिन्यांत रमी सुटली. हात आधीपेक्षा थोडा जास्त हलतो. कर्ज आहेच.

आता मशीनकडे येतो, म्हणजे कंपवातासाठी ऑपरेशन करून मेंदूला विजेचे ठोके देतात त्या ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’कडे, कारण मोबाइलवर व्हिडिओ बघून बरेच जण तेच विचारायला येतात. फ्रान्समधल्या ग्रेनोबलचे मेंदूचे सर्जन आलिम-लुई बेनाबिद यांनी १९८७ मध्ये या पद्धतीची वाट मोकळी केली. मेंदूत खोलवर बारीक तारा, कातडीखालून गळ्यातून खाली आलेली वायर, छातीत बॅटरी, सेकंदाला साधारण १३० ठोके. तार बहुतेक वेळा सबथॅलॅमिक न्यूक्लियस या शेंगदाण्याएवढ्या गाठीत ठेवतात. एवढ्याशा जागेत हालचालीचा, विचाराचा आणि भावनेचा असे तीन तुकडे एकाच धुऱ्याला लागून आहेत. तणनाशक आपल्या वावरात मारावं आणि वाऱ्यानं शेजाऱ्याची तूर जळावी, तसं विजेचंही होऊ शकतं.

ही गाठ मेंदूचा ब्रेकही आहे. निवड अवघड असली की ती ‘थांब जरा’ म्हणते. २००७ साली मायकेल फ्रँक हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांना संगणकावर निवडी करायला दिल्या. मशीन चालू असताना अवघड निवडीपाशीही लोक रेंगाळले नाहीत. गोळ्यांचा परिणाम वेगळाच निघाला, तोट्यातून शिकणं मंदावलं. गोळीनं ठेच लक्षात राहत नाही, मशीननं ठेचेआधी पाय थांबत नाही. मला हा प्रयोग फार आवडतो.

(यानंतर प्रश्न झाले.)

‘मशीन बसवली त सट्टा सुटन का?’ मागच्या ताईंनी विचारलंय. पुष्कळांचा सुटतो, कारण ऑपरेशननंतर गोळ्या बऱ्याच कमी करता येतात. पण थोड्या जणांत आधी नसलेली ओढ नंतर उपटते, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, करंट लावून बघणं चालू असताना. म्हणून सट्ट्याचं ऑपरेशनआधीच सर्जनला सांगायचं, लपवायचं नाही. सट्टा सोडवण्यासाठी म्हणून मशीन बसवायची नसते. आधी गोळी बघायची.

दुसरा प्रश्न खाजकुहिलीच्या चूर्णाचा. त्या बियांमध्ये खरोखरच लेव्होडोपा असतं, आजीबाईंचं बोलणं खोटं नाही. पण म्हणूनच ते औषध आहे, खाऊ नव्हे. गोळीवर चूर्ण घेतलं आणि मला सांगितलं नाही, तर माझा सगळा हिशेब चुकतो. पुढच्या खेपेला फाइलसोबत ती डबी घेऊन या. आणि हो, पासबुकही आणा.